टोकियोच्या आसपास कायदेशीर ड्रिफ्टिंग: मोबारा, निक्को आणि एबिसू

यामानोते या टोकियोच्या वर्तुळाकार लोहमार्गावर एबिसू नावाचे स्टेशन आहे. भारतातून कामानिमित्त आलेल्या माझ्या परिचितांपैकी दोघांनी, ड्रिफ्टिंगचे, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी आडवी वळवण्याच्या खेळाचे, जगप्रसिद्ध एबिसू ते हेच, अशी समजूत करून घेऊन एका शनिवारी सकाळी तिथे उतरण्याचा बेत आखला होता. त्या स्टेशनाबाहेर कॅफे आणि कपड्यांची दुकाने आहेत. एबिसू सर्किट मात्र टोकियोच्या उत्तरेला जवळजवळ अडीचशे किलोमीटरवर, फुकुशिमा प्रांतातल्या निहोनमात्सू शहराच्या हद्दीत, डोंगरात आहे. हा घोळ सांगण्याचे कारण इतकेच, की ‘टोकियोजवळ ड्रिफ्टिंग कुठे करता येते’ या प्रश्नाची जी उत्तरे इंटरनेटवर सापडतात, त्यांत ‘जवळ’ हा शब्द फार सैलपणे वापरलेला असतो. मी मूळची पुण्याची, सध्या टोकियोच्या पूर्व भागातल्या निशी-कसाईत राहते, आणि गेल्या दोन वर्षांत सुट्टीचे बरेच दिवस टोकियोच्या भोवतालच्या सर्किटांवर मागची चाके घसरवण्यात घालवले आहेत. त्यांपैकी मोबारा, निक्को आणि एबिसू या तीन ठिकाणांबद्दल इथे सविस्तर लिहिते आहे. नवशिक्या माणसाला दिवसभरात प्रत्यक्ष किती शिकता येते, हाच मी निकष धरला आहे. गाडी आधीच सफाईने आडवी घालता येत असलेल्यांना यातला बराच मजकूर बाळबोध वाटेल.

ड्रिफ्टिंगचा जन्म जपानच्या घाटरस्त्यांवर झाला, हे सर्वांना ठाऊक असते. १९७०च्या दशकात कुनिमित्सू ताकाहाशी हे शर्यतपटू वळणात गाडी मुद्दाम घसरवत नेत. त्यांचे पाहून केइची त्सुचिया घाटांत तोच सराव करू लागले, आणि २००० साली एबिसूवर झालेल्या पहिल्या स्पर्धेतून डी-वन ग्रां प्री ही व्यावसायिक मालिका उभी राहिली. तो इतिहास ऐकून आजही काही उत्साही मंडळी रात्री डोंगराकडे निघतात, पण तसे कोणी करू नये. हारुनासारख्या प्रसिद्ध डोंगराच्या वळणांवर चाके घसरू नयेत म्हणूनच रस्त्यावर आडवे उंचवटे घातलेले आहेत, आणि दोन किंवा अधिक गाड्यांनी मिळून रस्त्यावर धोका निर्माण केल्यास जपानच्या रस्ते वाहतूक कायद्याच्या ६८व्या कलमानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना रद्द होतो तो वेगळाच. परदेशी नागरिकाच्या बाबतीत पोलिसांत झालेली नोंद पुढे व्हिसाच्या कागदपत्रांपर्यंत पोचण्याची धास्तीही असतेच. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचे १८९वे कलम सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत आणि वेगाच्या चाचण्या करण्याला मनाई करते. फरक असा की पुण्या-मुंबईकडच्या उत्साही मुलाला ‘मग जायचे कुठे’ याचे उत्तर सहजी मिळत नाही, आणि टोकियोतल्या मुलाला ते मिळते. रिकामे वाहनतळ आणि बंदरालगतचे रुंद रस्ते हे त्या उत्तरात बसत नाहीत, हेही सांगून ठेवते.

सर्किटवर कोणीही केव्हाही जाऊन गाडी घसरवावी अशी व्यवस्था मात्र इथे नाही. बहुतेक ठिकाणी ‘सोकोकाई’ नावाची पद्धत आहे. एखादी संस्था, टायरचे दुकान, गॅरेज किंवा मित्रमंडळी सर्किट दिवसभरासाठी भाड्याने घेतात, आणि बाकीचे ठरावीक शुल्क भरून त्यात सहभागी होतात. ड्रिफ्टची सत्रे वेगळी आणि चाकांची पकड न सोडता वेगाने फेऱ्या मारणाऱ्यांची सत्रे वेगळी असतात. दुसऱ्या प्रकारच्या सत्रात गाडी आडवी घातली तर बाहेर काढतात, त्यामुळे नोंदणी करताना हा भेद नीट वाचून घेणे आवश्यक आहे. सकाळी चालकांची बैठक होते, तिला हजर राहावेच लागते, आणि ती संपूर्ण जपानीत असते. पिवळा झेंडा, लाल झेंडा, कोणत्या फटीतून आत शिरायचे, गरगर फिरून उलट्या तोंडाने थांबलात तर काय करायचे, हे सगळे त्या पंधरा-वीस मिनिटांत सांगून होते. माझे जपानी कार्यालयापुरते ठीक आहे, तरी पहिल्या बैठकीत अर्धे कळले नव्हते. ज्यांना भाषा येत नाही त्यांनी सोबत कोणाला तरी न्यावे, कारण लाल झेंड्याचा अर्थ ऐनवेळी हातवाऱ्यांनी विचारता येत नाही. हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण लांबीची विजार बहुतेक सगळीकडे सक्तीची असते. ऑगस्टच्या दमट उकाड्यातही तो नियम सैल होत नाही, आणि ड्रिफ्ट करताना गाडीत एसी लावून बसणारा चालक मी अजून पाहिलेला नाही.

खरी अडचण गाडीची येते. जपानमध्ये गाडी नावावर करण्याआधी ती उभी करण्याची जागा आपल्याकडे असल्याचा दाखला पोलीस ठाण्यातून घ्यावा लागतो, आणि टोकियोच्या विशेष प्रभागांत त्या जागेचे महिन्याचे भाडे सहज वीस-तीस हजार येनच्या घरात जाते. नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात सर्किटवर नेण्यास मनाई असते, आणि खासगी विमाही तिथल्या नुकसानीला सहसा लागू होत नाही. आपण कठड्यावर आदळलो तर आपल्या गाडीबरोबर कठड्याचाही खर्च आपल्याच खिशातून जातो, असे आपण सकाळी सही केलेल्या हमीपत्रात लिहिलेले असते. जुनी निसान सिल्व्हिया, टोयोटा चेझर किंवा १९८०च्या दशकातली एई८६ घ्यावी असे स्वप्न ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी किमती एकदा पाहून घ्याव्यात: पंचवीस वर्षे उलटलेली गाडी अमेरिकेत आयात करण्यावरचे निर्बंध सैल होतात, त्यामुळे त्या वयाला पोचलेल्या प्रत्येक मॉडेलला तिकडून मागणी येते आणि इथला शिकाऊ मुलगा बाजूला पडतो. हल्ली सर्किटवर नवशिक्यांच्या हाती २०१२नंतरची टोयोटा ८६ किंवा झेड-३३ पिढीची निसान फेअरलेडी अधिक दिसते. माझ्या बाबतीत, ऑफिसमधल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी आपली जुनी टोयोटा ८६ महिन्यातून एकदा मला चालवू देण्याचे कबूल केले, आणि त्या उपकाराशिवाय हा लेख लिहिलाच गेला नसता.

त्याआधी मी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग धरला होता, त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. टोकियोत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी आणि पर्यटकांसाठी ‘ड्रिफ्टचा अनुभव’ विकणाऱ्या काही कंपन्या आहेत; गाडी, शिक्षक, हेल्मेट आणि इंग्रजीतून मार्गदर्शन सगळे त्यात येते. मी ज्या कंपनीकडे पैसे भरले तिचे नाव घेत नाही. अर्ध्या दिवसाचे शिक्षण अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात सहा जणांमागे एक गाडी होती आणि माझ्या वाट्याला स्टिअरिंगमागे मोजून बावीस मिनिटे आली. त्यातही शिक्षक शेजारी बसून हँडब्रेक स्वतःच ओढत होते, त्यामुळे छायाचित्रात गाडी झकास आडवी दिसते, पण ती आडवी मी घातलेली नाही. ज्यांना फक्त छायाचित्र हवे आहे त्यांची यात फसवणूक होत नाही. शिकायचे असेल तर नोंदणीपूर्वी दोनच प्रश्न लेखी विचारावेत: एका गाडीमागे किती विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येकाला स्टिअरिंगमागे किती मिनिटे मिळतील. उत्तर गोलमोल आले तर पैसे वाचवावेत.

मोबारा ट्विन सर्किट चिबा प्रांतात, बोसो द्वीपकल्पावरच्या मोबारा शहरात आहे. नावातच सांगितल्याप्रमाणे तिथे पूर्व आणि पश्चिम असे दोन लहान मार्ग आहेत, त्यामुळे एका बाजूला ड्रिफ्टवाले आणि दुसऱ्या बाजूला फेऱ्या मारणारे असे एकाच दिवशी चालू शकते. टोकियोच्या पश्चिमेकडून किंवा कावासाकीहून येणाऱ्यांना १९९७ साली खुली झालेली आक्वा-लाइन सोयीची पडते. पंधरा किलोमीटरचा हा रस्ता आधी समुद्राखालच्या बोगद्यातून आणि मग पुलावरून चिबात उतरतो. परतताना मात्र सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्यावर टोकियोकडे येणाऱ्यांची तोबा गर्दी असते आणि त्या वेळेचा टोलही जास्त आहे. निशी-कसाईहून जाणाऱ्याने खाडीला वळसा घालून चिबा शहरामार्गे जावे, साठ-सत्तर किलोमीटरचे अंतर आहे, आणि पहाटे साडेपाचला निघालो तर वाटेत थांबून चहा पिण्याइतका वेळ उरतो.

मोबाराची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय म्हणजे तिथला बेताचा वेग. वळणे आखूड आहेत, बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहते, आणि चूक झाली तरी तिच्यावर विचार करायला अवधी मिळतो. ड्रिफ्टिंगचे मूळ गणित साधे आहे: मागच्या चाकांची पकड सोडवायची, आणि ती सुटलेली असताना पुढच्या चाकांनी व अ‍ॅक्सिलरेटरने गाडी हव्या त्या दिशेला ठेवायची. पकड सोडवण्याचे मार्ग अनेक आहेत. हँडब्रेक ओढता येतो, क्लच क्षणभर दाबून झटक्याने सोडता येतो, किंवा वळणाच्या उलट दिशेला आधी हलकासा हेलकावा देऊन गाडीचे वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकता येते. हे सगळे वाचून कळते, पण हातांना कळायला शेकडो वेळा करावे लागते, आणि त्यासाठी लहान, हळू, परत परत येणारे वळण लागते. मोबाराला मी पहिल्या दिवशी सहा सत्रे केली. चौथ्या सत्रात एकदाच, एकाच वळणात, स्टिअरिंग आपणहून उलट फिरू देऊन योग्य वेळी पकडणे जमले, आणि त्या तीन सेकंदांसाठी दिवसाचे पैसे वसूल झाले असे मला वाटले. सहकारी शेजारच्या आसनावरून फक्त एवढेच म्हणाले, की तुम्ही कठड्याकडे पाहता म्हणून गाडी कठड्याकडे जाते. ते शंभर टक्के खरे होते.

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण शाकाहारी वाचक हे विचारतीलच. अशा सर्किटांवर थंड-गरम पेयांची यंत्रे हमखास असतात, पण जेवणाची खात्री धरू नये. मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. निशी-कसाईत भारतीय वाणसामानाची दुकाने असल्यामुळे पीठ-चटणीची अडचण नाही. घाई असेल तर वाटेतल्या कोंबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घातलेले भाताचे त्रिकोण घ्यावेत. कचरा मात्र आपला आपण परत न्यायचा असतो.

निक्को सर्किट नावाने निक्कोचे असले तरी ते आहे तोचिगी प्रांताच्या राजधानीत, उत्सुनोमियात. तोशोगू मंदिराचे दर्शन आणि ड्रिफ्टिंग एका दिवसात उरकू असा बेत करणाऱ्यांनी नकाशा आधी पाहावा. टोकियोहून तोहोकू द्रुतगती मार्गाने साधारण सव्वाशे किलोमीटर पडतात. सर्किटची लांबी जेमतेम एक किलोमीटर आहे, पण मोबारापेक्षा ते पुष्कळ वेगवान आहे. सरळ पट्टा संपताना तिसऱ्या गिअरमध्ये, अजून वळण डोळ्यांसमोर पुरते आलेलेही नसताना, गाडी आडवी घालावी लागते. जे सरावलेले आहेत ते तिथे एकामागून एक तीन-चार गाड्या हातभर अंतर ठेवून एकाच कोनात घेऊन जातात, आणि ते दृश्य पाहताना वारकऱ्यांच्या पावलीची लय आठवावी इतके ते एकतालात असते. बघ्या म्हणून जाण्यासाठी टोकियोजवळ यापेक्षा चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

चालक म्हणून मात्र मी तिथे घाई केली. मोबाराच्या दोन दिवसांच्या जोरावर मी प्राथमिक गटात नाव घातले. गटाचे नाव प्राथमिक असले तरी त्यात येणारे बहुतेक जण वर्ष-दोन वर्षे सराव केलेले होते. माझी चूक अशी झाली, की भीतीने मी वळणाच्या मधोमध अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला. आडव्या गाडीत असे केले की मागच्या चाकांना पकड एकदम परत मिळते आणि गाडी जिकडे तोंड असेल तिकडे उसळते. माझे तोंड आतल्या गवताकडे होते. पाऊस नुकताच पडून गेला होता, गाडी दोन गिरक्या घेऊन चिखलात रुतली, लाल झेंडा निघाला आणि सगळ्यांचे सत्र माझ्यामुळे पाच मिनिटे थांबले. कर्मचाऱ्यांनी दोर लावून गाडी बाहेर काढली; ‘तुम्हाला लागले तर नाही ना’ या एका प्रश्नापलीकडे कोणी काही बोलले नाही. मार्गावर आलेला चिखल झाडताना मी मदतीला गेले तर झाडू माझ्या हातातून अदबीने काढून घेण्यात आला. व्यवस्थेला आणि माणसांना माझे पूर्ण गुण आहेत. शिकण्याची जागा म्हणून मी निक्कोला दुसऱ्या पायरीवर ठेवीन: गोल फिरवणे आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवणे या दोन्ही गोष्टी विचार न करता जमू लागल्यावर तिथे जावे. परतीच्या वाटेवर उत्सुनोमियाच्या प्रसिद्ध ग्योझांपैकी (मोमोंसारख्या करंज्यांपैकी) भाजीचे सारण असलेले मिळतात, फक्त सारणात डुकराची चरबी नाही ना हे विचारून घ्यावे.

त्सुकुबा आणि फुजी यांची नावे नेहमी घेतली जातात, म्हणून त्यांचा उल्लेख करते. त्सुकुबा सर्किट इबाराकी प्रांतातल्या शिमोत्सुमा शहरात आहे, त्याच्या मोठ्या मार्गाची लांबी २०४५ मीटर आहे, आणि एकेकाळी डी-वनच्या फेऱ्या तिथे रंगत. पण त्याचा मुख्य स्वभाव वेळ लावून फेऱ्या मारण्याचा आहे. फुजी स्पीडवेवर, जिथे १९७६ साली जपानमधली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, मुख्य मार्गाखेरीज ड्रिफ्टसाठी वेगळी जागा राखलेली आहे, आणि तोमेई द्रुतगती मार्गाने ते टोकियोच्या पश्चिमेकडच्या लोकांना सोयीचे पडते. मी पूर्वेला राहत असल्यामुळे या दोन्ही ठिकाणी फक्त प्रेक्षक म्हणून गेले आहे, तेव्हा त्यांना गुण देत नाही.

आता एबिसू. अंतर, खर्च, वेळ या तिन्ही कसोट्यांवर ते ‘टोकियोजवळ’ या व्याख्येत बसत नाही, आणि तरीही या लेखातली सर्वांत ठाम शिफारस त्याचीच आहे. गाडीने तोहोकू द्रुतगती मार्गावरून तीन-साडेतीन तास लागतात. रेल्वेने जायचे तर शिनकानसेन या बुलेट ट्रेनने कोरियामापर्यंत, तिथून साध्या गाडीने निहोनमात्सू आणि पुढे टॅक्सी. शेजारीच तोहोकू सफारी पार्क आहे, त्यामुळे दोन सत्रांच्या मधल्या शांततेत मोठ्या जनावराचा आवाज आला तर दचकू नये. एबिसू म्हणजे एक सर्किट नव्हे. डोंगराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर कोरून काढलेल्या अनेक मार्गांचा तो समूह आहे. त्यांतला मिनामी, म्हणजे दक्षिण मार्ग, त्याच्या उतारावरच्या उडीमुळे जगभर ठाऊक आहे: गाडी आधीच आडवी असताना उतारावरून हवेत सुटते आणि तशीच आडवी खाली सरळ पट्ट्यावर टेकते. ते मी करणार नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही करू नये. सर्किटची धुरा वाहणारे नोबुशिगे कुमाकुबो हे स्वतः २००६चे डी-वन विजेते आहेत, आणि सगळी जागा ड्रिफ्ट करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघालेली आहे हे पावलोपावली जाणवते.

नवशिक्यासाठी तिथे जे आहे ते वेगळेच, आणि त्याचे नाव कुरुकुरु लँड. कुरुकुरु हा जपानीतला अनुकरणवाचक शब्द आपल्या ‘गरगर’चा सख्खा भाऊ आहे. हा सपाट डांबरी पट्टा आहे, आणि तिथे तासन्‌तास गरगर फिरणे एवढेच करायचे असते. सुरुवातीला एका शंकूभोवती गोल फिरायचे. मागची चाके सुटली की अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला म्हणजे वर्तुळ मोठे होते आणि किती सोडला म्हणजे लहान होते, हे पायाच्या अंगठ्याला शिकवायचे. डावीकडून जमले की उजवीकडून. दोन्ही जमले की दोन शंकू ठेवून आठचा आकडा, ज्यात एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना गाडीचे वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकावे लागते. मोबाराच्या एका फेरीत मला हा बदल दोन-तीनदा करायला मिळत होता, आणि चुकले तर पुढची संधी सत्राच्या रांगेतून फिरून येईपर्यंत मिळत नव्हती. कुरुकुरु लँडवर एका तासात तो इतक्या वेळा झाला की संध्याकाळी डोळे मिटल्यावरही शंकू फिरताना दिसत होते. डांबर ओले असेल तर आणखी उत्तम: चाके कमी ताकदीत सुटतात, वेग कमी राहतो, टायर वाचतात आणि चुकीची शिक्षा सौम्य होते. लहानपणी पहिल्या पावसात सारसबागेजवळच्या उतारावर सायकलचे मागचे चाक घसरवणाऱ्या कोणालाही हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

एबिसूवर दुसऱ्या दिवशी मी ड्रिफ्ट टॅक्सीत बसले. नाव टॅक्सी असले तरी ती कुठे पोचवत नाही. अनुभवी चालक आपल्याला शेजारी बसवून मार्गावर फेऱ्या मारून आणतो. हा निव्वळ करमणुकीचा प्रकार असेल असे मला वाटले होते, पण शिकण्याच्या दृष्टीने तो फार उपयोगी ठरला, कारण चालकाचे हात किती शांत असतात हे बाहेरून कळत नाही. गाडी बाहेरून थयथयाट करताना दिसते आणि आत स्टिअरिंग बहुतांश वेळ स्वतःच फिरते, चालक त्याला फक्त हवे तिथे थांबवतो. वर्षातून काही वेळा भरणाऱ्या ड्रिफ्ट मात्सुरीत, म्हणजे जत्रेतच म्हणा ना, बहुतेक मार्ग एकाच वेळी खुले असतात आणि रात्रीही गाड्या चालतात. तेव्हा जगभरातून लोक येतात. मात्सुरीला शिकायला जाऊ नये. गर्दीत नवशिक्याला जागा मिळत नाही, आणि दुसऱ्यांच्या आनंदात आपण अडथळा होतो.

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा एबिसूचा डोंगर खचून मातीचा प्रचंड लोंढा सर्किटच्या पश्चिम मार्गावर आला. त्याची छायाचित्रे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. आज तिथे गेल्यावर मार्ग नांदते दिसतात, पण जुने व्हिडिओ पाहून जाणाऱ्यांनी जागा त्या व्हिडिओसारखीच असेल असे धरून चालू नये. हिवाळ्यात या भागात बर्फ पडतो, त्यामुळे डिसेंबर ते मार्चमध्ये जाण्यापूर्वी कोणता मार्ग खुला आहे हे फोन करून विचारावे, आणि द्रुतगती मार्गासाठी हिवाळी टायर गाडीला चढवलेले असावेत.

पैशांचे बोलायचे तर लहान सर्किटवरच्या एका दिवसाच्या सोकोकाईचे शुल्क साधारण दहा ते वीस हजार येनच्या घरात असते. त्यात टोल, पेट्रोल आणि टायर मिळवले की आकडा दुप्पट होतो, आणि एबिसूला मुक्काम धरला तर तिप्पट. टायर हा या छंदातला खरा खड्डा आहे. फक्त मागची जोडी झिजते, पण ती इतक्या वेगाने झिजते की कोरड्या डांबरावर दिवसभरात दोन जोड्या संपणे ही तक्रारीची बाब मानली जात नाही. जुन्या टायरांच्या दुकानांतून अर्धवट झिजलेली जोडी काही हजार येनमध्ये मिळते, आणि नवशिक्याने तीच घ्यावी. पकड कमी म्हणजे चाके लवकर सुटतात, आणि आपल्याला तेच हवे असते. पुढच्या चाकांना मात्र चांगले टायर ठेवावेत, कारण दिशा त्यांच्याच हाती असते. जॅक, पाना आणि चाकांच्या नटांचा सॉकेट सोबत नेला आणि चाक बदलणे आधी घरी दोनदा करून पाहिले, तर सत्र सुरू होण्याच्या धांदलीत दुसऱ्यांचे तोंड पाहावे लागत नाही. मी पहिल्या वेळी पाना विसरले होते आणि शेजारच्या गाडीतल्या कॉलेजच्या मुलांनी न सांगता माझी दोन्ही चाके बदलून दिली.

ज्यांच्याकडे गाडी नाही आणि दोनच दिवस सुट्टी आहे, त्यांनी टोकियोतल्या अर्ध्या दिवसाच्या अनुभवावर खर्च करण्याऐवजी थोडे पैसे साठवून सरळ एबिसू गाठावे. ड्रिफ्टसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने देणारे लोक त्या परिसरात मिळतात, फक्त नुकसानभरपाईची कमाल रक्कम करारात आकड्यात लिहून घ्यावी. ज्यांना गाडीची सोय आहे आणि महिन्यातून एक रविवार मोकळा आहे, त्यांना मोबारा परवडते. झिजलेले टायर सर्किटवर सोडून येता येत नाहीत, हे आधीच ठाऊक असू द्या. टायरच्या दुकानात आपल्याकडून नगामागे काहीशे येन घेऊन ते ठेवून घेतात, पण ती दुकाने सोमवारी उघडेपर्यंत रबराच्या वासासकट सांभाळायला घरी जागा लागते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, या क्षणी तसे चार टायर रचून ठेवलेले आहेत.